उतारवयातली औषधं: नवी तक्रार आली की आधी गोळ्यांची यादी उघडा

सत्तरी ओलांडलेल्या माणसाचा तोल जाऊ लागला, जेवणावरची वासना उडाली, दिवसभर पेंग येऊ लागली किंवा रात्री उठून असंबद्ध बोलणं सुरू झालं, की घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं: 'वय झालं, आता हे चालायचंच.' हे वाक्य मला घातक वाटतं. यातल्या कुठल्याही तक्रारीमागे एखादी गोळी असू शकते. वयावर इलाज नसला तरी गोळीवर असतो. ती बदलता येते, कमी करता येते, कधी कधी बंदही करता येते. म्हणून वृद्ध माणसाची औषधं सांभाळणाऱ्या प्रत्येकाला एकच सवय लावून घ्यायला सांगेन. नवी तक्रार दिसली, की नव्या औषधाचा विचार करण्याआधी चालू औषधांची यादी उघडायची. गेल्या महिना-दोन महिन्यांत काय सुरू झालं, कशाचा डोस वाढला, काय बंद झालं, हे आधी बघायचं.

या वयात गोळ्या वाढत जातात, त्यात कोणाचा हलगर्जीपणा असतोच असं नाही. बीपीची एक, शुगरच्या दोन, थायरॉइडची एक, गुडघ्यांसाठी एक, झोपेसाठी एक, आणि 'एवढ्या गोळ्यांनी ॲसिडिटी होऊ नये' म्हणून आणखी एक. रोज पाच किंवा त्याहून जास्त औषधं चालू असतील तर त्याला वैद्यकीय भाषेत पॉलिफार्मसी म्हणतात. पाच हा आकडा काही धोक्याची रेषा नव्हे. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या माणसाला चार-पाच औषधं खरोखरच लागतात आणि त्यांनी त्याचं आयुष्य वाढतं. अडचण असते ती वेगळीच. हृदयाचे डॉक्टर वेगळे, हाडांचे वेगळे, लघवीच्या त्रासाचे वेगळे. प्रत्येकाने आपापल्या परीने योग्यच लिहिलेलं असतं, पण सगळ्या गोळ्या एकत्र मांडून बघणारं कोणीच नसतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी टाळता येण्यासारखी इजा कमी करण्यासाठी जगभर मोहीम सुरू केली, तेव्हा तीन गोष्टींवर भर दिला: जास्त धोक्याची औषधं आणि परिस्थिती, एकाच वेळी चालणारी अनेक औषधं, आणि रुग्ण एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातो तेव्हा होणारे घोळ. वृद्ध माणूस बहुतेक वेळा या तिन्हींत सापडतो.

गोळी तीच, शरीर वेगळं

'हीच गोळी मी गेली वीस वर्षं घेतोय, मला कधी काही झालं नाही.' हे म्हणणं अगदी प्रामाणिक असतं. पण गोळी तीच राहिली तरी वीस वर्षांत ती पचवणारं शरीर बदललेलं असतं.

वय वाढतं तसं शरीरातलं पाणी आणि स्नायू कमी होतात, चरबीचं प्रमाण वाढतं. पाण्यात विरघळणारं औषध कमी पाण्यात मिसळतं, त्यामुळे रक्तात ते जास्त तीव्र होतं. चरबीत विरघळणारं औषध चरबीत साठून राहतं आणि बाहेर पडायला खूप वेळ घेतं. डायझेपाम या झोपेच्या, चिंतेच्या जुन्या गोळीचं उदाहरण डोळे उघडणारं आहे. विशीतल्या माणसाच्या रक्तातलं तिचं प्रमाण अर्ध्यावर यायला साधारण २० तास लागतात, ऐंशीच्या माणसात साधारण ९० तास. म्हणजे सोमवारी रात्री घेतलेल्या गोळीचा अर्धा भाग शुक्रवार दुपारपर्यंत अंगात असतो, आणि मधल्या प्रत्येक रात्री एक नवी गोळी पडलेली असते. तोल जाणार, पेंग येणार, गोंधळल्यासारखं होणार, यात नवल नाही.

लिव्हरला होणारा रक्तपुरवठाही वयानुसार कमी होतो, पण जास्त लक्ष किडनीकडे द्यायला हवं. चाळिशीनंतर किडनीची रक्त गाळण्याची क्षमता साधारणपणे दर वर्षी मिनिटाला १ मिलिलिटरने घटत जाते. कोणाची कमी, कोणाची जास्त. रिपोर्टमध्ये मात्र हे सहज लपतं. क्रिएटिनिन हा किडनीने रक्तातून गाळून टाकायचा टाकाऊ पदार्थ, तो स्नायूंतून तयार होतो. वृद्धांचे स्नायूच रोडावलेले असल्यामुळे किडनी बरीच थकलेली असूनही क्रिएटिनिनचा आकडा 'नॉर्मल' येऊ शकतो. त्यामुळे नुसता तो आकडा बघून निश्चिंत होऊ नये. बऱ्याच रिपोर्टमध्ये त्याच्या खाली ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज, छापलेला असतो, तो बघावा. नसेल तर वय आणि वजन धरून किडनीची क्षमता काढता का, असं डॉक्टरांना विचारावं. हृदयाची डिगॉक्सिन, शुगरची मेटफॉर्मिन, काही अँटिबायोटिक्स, रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्या, मज्जातंतूंच्या दुखण्यासाठीची गॅबापेन्टिन, प्रिगॅबालिन, यांचा डोस याच आकड्यावर ठरतो.

मेंदू आणि तोल सांभाळणारी यंत्रणाही नाजूक होते. उभं राहिल्यावर बीपी सावरून घेण्याचं काम तरुण शरीर क्षणात करतं, म्हातारं शरीर वेळ लावतं. उभं राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने घसरला तर डॉक्टर ते लक्षणीय मानतात. बीपीची औषधं चालू असलेल्या आणि भोवळ येणाऱ्या माणसाचं बीपी नेहमी बसूनच मोजलं जात असेल, तर ही घसरण कधी दिसणारच नाही. 'उभं करून एकदा बघा ना,' एवढं सांगायला अजिबात संकोच करू नये.

एका गोळीमागून दुसरी

आता मला सर्वांत महत्त्वाच्या वाटणाऱ्या गोष्टीकडे येतो. पॉला रोशन आणि जेरी गुरविट्झ या डॉक्टरांनी १९९७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तिची नीट मांडणी केली. एका औषधाचा दुष्परिणाम नवा आजार समजला जातो, त्यासाठी दुसरं औषध सुरू होतं, त्याच्या दुष्परिणामावर तिसरं. अशी साखळीच तयार होते.

समजा, ७४ वर्षांच्या एक आजी आहेत. बीपीसाठी त्यांना ॲम्लोडिपिन सुरू झालं. उत्तम औषध, जगभर वापरलं जातं. त्याने काही जणांच्या घोट्यांवर सूज येते. दोन महिन्यांनी आजींचे पाय सुजले. दुसऱ्या डॉक्टरांनी सूज बघितली आणि लघवी वाढवणारी गोळी दिली. ही सूज अंगात जास्त पाणी साठल्यामुळे आलेली नव्हतीच, त्यामुळे ती फारशी उतरली नाही. आजींना मात्र रात्री चार वेळा उठावं लागू लागलं. एकदा वेळेत पोचता आलं नाही, म्हणून ओशाळून त्यांनी लघवीवर ताबा राहण्यासाठी गोळी मागितली. ती मिळाली. तिने तोंड कोरडं पडलं, शौचाला खडा होऊ लागला, आणि संध्याकाळी त्या नातवंडांची नावं चुकू लागल्या. मग पोट साफ होण्याचं औषध आलं, आणि कोणीतरी विस्मरणाच्या गोळीचा विषय काढला. डोनेपेझिल ही विस्मरणाची गोळी तर लघवीची घाई वाढवू शकते, आणि ताबा राहण्यासाठी दिलेल्या बऱ्याच गोळ्या मेंदूत नेमकं तिच्या उलट काम करतात. म्हणजे दोन औषधं एकमेकांशी भांडत बसतात आणि भोगतात आजी.

या सगळ्यात कोणी मोठी चूक केली असं दाखवता येणार नाही. प्रत्येक पायरी समोरच्या तक्रारीला धरूनच होती. पण पाय सुजले त्या दिवशी कोणी विचारलं असतं, 'या दोन महिन्यांत नवीन काय सुरू झालं?' तर पुढच्या तीन गोळ्या वाचल्या असत्या. ॲम्लोडिपिनचा डोस कमी करून किंवा बीपीचं दुसरं औषध देऊन प्रश्न तिथेच मिटला असता.

अशा आणखी काही जोड्या ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. मळमळ आणि गॅससाठीच्या मेटोक्लोप्रामाइड, लेव्होसल्पिराइड या गोळ्या, चक्कर थांबवण्यासाठी महिनोन्‌महिने घेतलेल्या सिनारिझिन, फ्लुनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन या गोळ्या, यांनी हात थरथरणं, चाल मंदावणं, चेहरा निर्विकार होणं असं अगदी पार्किन्सनसारखं चित्र उभं राहू शकतं. मूळ गोळी बंद केली की बऱ्याच जणांत ते हळूहळू ओसरतं. एनालाप्रिल, रॅमिप्रिल या गटातल्या बीपीच्या गोळ्यांनी कोरडा खोकला येतो आणि माणूस खोकल्याची बाटलीवर बाटली संपवत बसतो. दुखण्याच्या गोळ्यांनी बीपी चढतं आणि बीपीच्या गोळीचा डोस वाढतो.

कुठल्या औषधांवर नजर हवी

लोकांना वाटतं की धोका कुठल्यातरी दुर्मीळ, जबरदस्त औषधांत असतो. अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या लोकांना औषधांच्या त्रासामुळे तातडीने दवाखान्यात भरती करावं लागलं, त्याची पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातल्या सुमारे ६७ टक्के भरतींमागे चारच प्रकारची औषधं होती: रक्त पातळ करणारं वॉरफरिन, इन्सुलिन, रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेलसारख्या गोळ्या, आणि शुगरच्या गोळ्या. सगळी रोजच्या वापरातली, गरजेची औषधं. त्यामुळे ती टाळायची नाहीत, डोळ्यांत तेल घालून सांभाळायची.

शुगरचं बघा. तरुण माणसाची शुगर उतरली की त्याला घाम फुटतो, हात कापतात, भूक लागते. वृद्ध माणूस अनेकदा नुसता गप्प होतो, चिडतो किंवा भलतंच बोलतो, आणि सोबत बीटा-ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंदावणारी, बीपी-हृदयासाठीची गोळी) चालू असेल तर छातीची धडधडही जाणवत नाही. ग्लिबेनक्लामाइड ही जुनी गोळी या बाबतीत विशेष बदनाम आहे. तिचा परिणाम लांबतो, आणि एक वेळचं जेवण चुकलं तरी शुगर धोकादायक खाली जाऊ शकते. अशक्त, अनेक आजार असलेल्या वृद्धांसाठी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी शुगरचा आकडा) ८ टक्क्यांच्या आत असलं तरी पुरे, असं मधुमेहाच्या मार्गदर्शक सूचनाच सांगतात. ऐंशीच्या माणसाची शुगर तिशीतल्या माणसासारखी 'परफेक्ट' ठेवण्याचा अट्टहास त्याला खाली पाडू शकतो.

दुखण्याच्या गोळ्या सर्वांत निष्काळजीपणे घेतल्या जातात. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक, नेप्रोक्सेन या गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो, किडनी बिघडू शकते, हृदय कमजोर असेल तर दम वाढू शकतो. बीपीची लोसार्टन किंवा रॅमिप्रिलसारखी गोळी, लघवी वाढवणारी गोळी आणि वर ही दुखण्याची गोळी, असं त्रिकूट जमलं तर किडनी काही दिवसांतच कोलमडू शकते. त्यात जुलाब-उलट्या होऊन अंगातलं पाणी कमी झालं की संकट दुप्पट. असा त्रास सुरू झाला तर बीपीच्या, लघवीच्या आणि शुगरच्या कुठल्या गोळ्या तेवढ्या दिवसांपुरत्या थांबवायच्या, हे डॉक्टरांना आधीच विचारून लिहून ठेवावं. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल तुलनेने सुरक्षित, पण ते सर्दीच्या आणि अंगदुखीच्या कितीतरी मिश्र गोळ्यांत आधीच घातलेलं असतं. दिवसभराची बेरीज प्रौढ माणसातही ४ ग्रॅमच्या पुढे जाता कामा नये, आणि वजन कमी असलेल्या, लिव्हर कमजोर असलेल्या वृद्धांसाठी मर्यादा त्याहून बरीच खाली असते.

मेंदूला झाकोळणाऱ्या औषधांचा एक मोठा गट आहे. तो ओळखायला शिकणं फार उपयोगाचं. क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन, हायड्रॉक्सिझिन या सर्दी-खाजेच्या जुन्या गोळ्या, पोटात मुरडा आल्यावर घेतात ती डायसायक्लोमिन, नैराश्य आणि मज्जातंतूंच्या दुखण्यासाठीची ॲमिट्रिप्टिलिन, लघवीवर ताबा राहण्यासाठीची ऑक्सिब्युटिनिन, कंपासाठीची ट्रायहेक्सिफेनिडिल. तोंडाला कोरड, बद्धकोष्ठ, लघवी तुंबणं, धूसर दिसणं आणि भ्रम, ही यांची खूण. यातल्या दोन-तीन गोळ्या वेगवेगळ्या कारणांनी एकाच माणसाला चालू असणं मुळीच दुर्मीळ नाही, आणि त्यांचा परिणाम एकमेकांवर चढत जातो. मार्क बीअर्स या अमेरिकन वृद्धरोगतज्ज्ञांनी १९९१ मध्ये नर्सिंग होममधल्या वृद्धांसाठी शक्यतो टाळावीत अशा औषधांची यादी केली. ती आजही बीअर्स निकष म्हणून ओळखली जाते आणि अमेरिकन जेरिॲट्रिक्स सोसायटीने २०२३ मध्ये ती पुन्हा अद्ययावत केली. हा सगळा गट तिच्यात आहे, झोपेच्या गोळ्याही आहेत.

ॲस्पिरिनबद्दल थोडक्यात. हार्ट अटॅक, स्टेंट किंवा ठराविक प्रकारचा पक्षाघात झालेल्या माणसाची ॲस्पिरिन मनाने बंद करू नका. पण हृदयाचा कुठलाच आजार नसताना 'रक्त पातळ राहावं' म्हणून सत्तरीनंतर रोज घेणं, याचा फायदा २०१८ च्या ॲस्प्री या मोठ्या अभ्यासात दिसला नाही, रक्तस्राव मात्र वाढलेला दिसला.

टेबलावर सगळं ओता

यादी करायची तर आठवणीवर करू नका. घरातला औषधांचा डबा, उशाखालची स्ट्रिप, पर्समधली पुडी, फ्रीजमधली बाटली, डोळ्यांचे थेंब, मलमं, पंप, व्हिटॅमिन, काढे, सगळं एका टेबलावर ओता. एकेक स्ट्रिप हातात घेऊन मागचं बारीक अक्षर वाचा. मोबाइलने फोटो काढून मोठं केलं तर सहज वाचता येतं. कंपनीने ठेवलेलं नाव वेगळं असतं, आणि औषधाचं मूळ नाव व मिलिग्रॅम वेगळे छापलेले असतात. यादीत मूळ नाव लिहा. हे केलं की अनेक घरांत एकच औषध दोन वेगळ्या नावांनी चालू असल्याचं तिथेच उघडकीला येतं. दोन डॉक्टर, दोन कंपन्या, गोळी एकच, म्हणजे रोजचा डोस दुप्पट.

प्रत्येक नावापुढे ती कशासाठी, कधीपासून आणि कोणी दिली, हे लिहा. 'कशासाठी' याचं उत्तर घरात कोणालाच देता येत नाही अशी एक तरी गोळी निघतेच. डॉक्टरांशी बोलायला सुरुवात तिथूनच करा. औषधी वनस्पतींचे काढे आणि चूर्णंही यादीत हवीत. 'ते तर नैसर्गिक' म्हणून ती सांगितली जात नाहीत, पण नुसतं ज्येष्ठमधसुद्धा सतत घेतलं तर बीपी वाढवतं आणि पोटॅशियम घटवतं.

स्ट्रिपवर नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर अशी अक्षरं असतील तर ती गोळी हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली असते. गिळायला त्रास होतो म्हणून ती कुटून दिली तर दिवसभराचा डोस एकदम अंगात उतरतो. गिळता येत नसेल तर पातळ औषध किंवा दुसरा प्रकार मिळतो का ते विचारा. आणि संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट चालू असेल तर आठवड्याचा वार मोठ्या अक्षरात लिहून चिकटवा. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. घरच्या रोजच्या डब्यात ती ठेवूच नये.

थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यापासून किमान चार तास लांब. एखादा डोस चुकला तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत. वारांचे कप्पे असलेला डबा आठवड्यातून एकदा भरून ठेवला की निम्मे गोंधळ मिटतात. मात्र तो भरणारा माणूस एकच असावा.

बंद करायची कशी

एवढं वाचून कोणी उत्साहाने अर्ध्या गोळ्या फेकून देऊ नयेत. झोपेच्या गोळ्या, बीटा-ब्लॉकर, स्टेरॉइड, फिटच्या गोळ्या, बीपीची क्लोनिडिन, पार्किन्सनची लेव्होडोपा, ही औषधं एकदम थांबवली तर जीवावर बेतू शकतं. कमी करायचं ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, एका वेळी एकच औषध, टप्प्याटप्प्याने, आणि काय फरक पडतो ते टिपून ठेवत.

हे होऊ शकतं यावर मात्र विश्वास ठेवा. कॅनडात २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बेन्झोडायझेपिन गटातल्या झोपेच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्या ६५ वर्षांवरच्या लोकांना फक्त एक माहितीपुस्तिका दिली गेली. तीत या गोळीचे धोके आणि डॉक्टर किंवा फार्मासिस्टशी बोलून ती आठवड्यागणिक कशी कमी करायची, हे साध्या भाषेत लिहिलेलं होतं. सहा महिन्यांनी त्यांतल्या २७ टक्के लोकांची गोळी पूर्ण सुटली होती. पुस्तिका न मिळालेल्यांत हेच प्रमाण ५ टक्के होतं. म्हातारी माणसं ऐकत नाहीत, त्यांना सवय सोडवत नाही, असं आपण फार पटकन ठरवून टाकतो. त्यांना नीट समजावून सांगितलं, तर ती स्वतः निर्णय घेतात.

सर्वांत जास्त सावध राहायचं ते दवाखान्यातून घरी येताना. भरती असताना काही गोळ्या बदलतात, काही तात्पुरत्या सुरू होतात. घरी जुन्या स्ट्रिपा असतातच, आणि मग जुन्याही चालू राहतात, नव्याही. डिस्चार्जचा कागद हातात आला की तिथेच उभं राहून घरची यादी त्याच्याशी ताडून बघा. कुठली नवी, कुठली बंद, कुठलीचा डोस बदलला, आणि नवी कधीपर्यंत घ्यायची, एवढं नर्सकडून किंवा डॉक्टरांकडून प्रत्येक गोळीपुढे लिहून घ्या. ॲसिडिटीची गोळी अशीच चार-आठ आठवड्यांसाठी सुरू होते आणि वर्षानुवर्षं चालत राहते. घरी पोचल्यावर बंद झालेल्या स्ट्रिपा त्याच दिवशी डब्यातून बाहेर काढा.

रक्त पातळ करणारं औषध चालू असताना डोकं आपटलं, तर वरून काही दिसत नसलं तरी ताबडतोब दवाखाना गाठा. काळी, डांबरासारखी शौचाला होणं, लघवी एकदम कमी होणं, एक-दोन दिवसांत अचानक आलेला भ्रम किंवा जागं न राहणं, यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. आणि निघताना औषधांची ती यादी सोबत घ्या.